मुहूर्ताचे चकचकीत बोल्ट

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३. सकाळचं काम साधं होतं. डभोईजवळच्या पुलासाठी आलेली बोल्टांची पेटी उघडायची, माल ठरल्याप्रमाणे आहे ना ते बघायचं आणि उभारणीवाल्यांच्या ताब्यात देऊन बडोद्याला परत यायचं.

पेटीच्या झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला होता. कडीला लाल नाडा बांधलेला, फटींत तांदळाचे दाणे अडकलेले. मुकादमाने पहारीने झाकण उचकटलं, तेलकट कागद बाजूला केला आणि आतले बोल्ट उन्हात चांदीसारखे चमकले.

"वाह बेन," तो म्हणाला, "हे पुलाला लावायचे की लग्नात आहेर करायचे?"

मी एक उचलला. कोपरापासून मुठीपर्यंत पोचेल एवढा लांब, अंगठ्याहून जाड, आणि वर जस्ताचा मुलामा, आरशासारखा. मी मागवले होते ते काळपट, बिनलेपाचे. "कोणताही लेप नको" हे मी नुसतं लिहिलं नव्हतं, ठळक लिहिलं होतं. दिवाळीपूर्वी कारखान्यात जाऊन सगळे तपासून मंजूरही केले होते. मधल्या दिवसांत कोणीतरी त्यांना नटवलं होतं. पुलाचं काम त्या एका पेटीसाठी अडलेलं होतं आणि पेटीतला एकही बोल्ट आता पुलाला चालणार नव्हता.

खरं सांगते, काळजी वाटायच्या आधी मला वेगळंच वाटलं. मला वाटलं, आता बघू, पूल आखणारी हेतल काय करते.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांच्या घरात बोल्ट असतातच, पण बोल्ट ठरवून देण्यावर कोणाचं पोट चालतं हे फार जणांना ठाऊक नसतं. माझं चालत आलं आहे. पोलादी बांधकामांची आखणी करणाऱ्या बडोद्याच्या एका कचेरीत मी जोडांचं काम बघायचे. तुळया, खांब, कमानी दुसरे लोक आखत. त्या एकमेकांना कशाने आणि कशा धरायच्या, ते मी सांगायचे. कचेरीत मला पाठीमागे "बोल्टवाळी बेन" म्हणत. मला त्याचं वाईट वाटत नसे. पडलेल्या बांधकामांत तुळई मोडलेली क्वचित सापडते, जोड सुटलेला नेहमी सापडतो.

डभोईचा पूल वेदरिंग स्टीलचा होता. हे पोलाद रंगवायचं नसतं. त्यात तांबं, क्रोमियम असे थोडे थोडे धातू मिसळलेले असतात, त्यामुळे त्याच्यावर चढणारा गंज पापुद्रे धरून पडत नाही. तो घट्ट बसतो आणि आतल्या पोलादाचं रक्षण करतो. दोनचार पावसाळ्यांत तपकिरी-जांभळा रंग येतो आणि मग ते तसंच राहतं. अट एकच, भिजल्यावर त्याला वाळायला मिळालं पाहिजे आणि हवा बरी पाहिजे. नंदेसरीच्या एका कारखानदाराने मासिकात फोटो पाहून असलंच फाटक मागितलं होतं. मी त्याला सांगितलं की शेठ, तुमच्या शेजारच्या चिमणीतून जे बाहेर पडतं त्यात हे फाटक टिकणार नाही. तो म्हणाला, "बेन, तुम्ही गंजच विकता आहात, त्यात पुन्हा टिकायचं काय?" त्याने दुसरीकडून साध्या पत्र्याचं करून घेतलं आणि वर तपकिरी रंग मारला. मी ते जाता येता बघायचे आणि गप्प बसायचे.

अशा पोलादाला बोल्टही त्याच जातीचा लागतो. साधा जस्ताचा बोल्ट लावला तर एवढ्या मोठ्या पुलासमोर ते एवढंसं जस्त बघता बघता खाल्लं जातं आणि खाली उरतं ते साधं, बिनसंरक्षणाचं पोलाद. आपल्याकडे वेदरिंग स्टीलच्या प्लेटी मिळायच्या, कारण रेल्वेचे डबे त्याचे होतात. पण त्या जातीचा बोल्ट दुकानात मिळत नव्हता, आणि हेतलला हव्या होत्या त्या लांबीचा तर कुठल्याच जातीचा मिळत नव्हता.

हेतल परदेशात शिकून आमच्याकडे आली तेव्हा तिशीतही पोचलेली नव्हती. दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढलेली, त्यामुळे माझ्याशी स्वच्छ मराठीत बोले. कचेरीत सगळे मला सुनंदाबेन म्हणत, ही एकटी सुनंदाताई म्हणे. मला ते आवडत नसे. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून अधिकच आवडत नसे. ती आली त्या वर्षी आमचे मुख्य, देसाईसाहेब, निवृत्तीला आलेले होते. पोलादी बांधकामाचं खातं त्यांच्यामागे कोण चालवणार, हा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नव्हता. ती आल्यावर तो प्रश्न झाला. डभोईचं काम संपलं की नाव सांगतो, असं साहेबांनी नवरात्रात सांगून टाकलं. पूल हेतलचा होता, बोल्ट माझे होते.

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. संध्याकाळी चहाला बसला की विचारायचा, "काय म्हणते तुझी हेतल?"

"माझी कुठून?"

"दिवसातून दहादा नाव घेतेस. एवढं तू माझंही घेत नाहीस."

पूल चांगला होता. हे लिहायला मला आजही जड जातं, म्हणून एका वाक्यात उरकते. कालव्यावरून मुलींच्या एका प्रशिक्षण संस्थेकडे जाणारा पायी जायचा पूल, दोन कमानी, आणि कमानी जिथे काठाला टेकतात तिथे पोलादाची एक बंद पेटी. ती पेटी आरपार आवळणारे लांबच लांब बोल्ट तिने दाखवले होते. नकाशा बघून मला बरं वाटलं, कारण मला चूक सापडली होती. मी म्हणाले, एवढ्या लांब बोल्टांचा हट्ट कशाला, दोन्ही बाजूंनी आखूड लाव. ती म्हणाली, मग आतून नट धरायला पेटीला हात जाईल एवढं भोक ठेवावं लागेल, भोकातून पाणी जाईल आणि आत वाळणार नाही.

बरोबर होतं. वाळण्याची अट मीच सगळ्यांना सांगत फिरते आणि ती मला सांगून गेली.

लांब बोल्टाची अडचण अशी. बोल्ट म्हणजे जाड खिळा नव्हे, तो ताणलेला स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट केसभर लांबतो आणि आखडायला बघतो. त्या ओढीने प्लेटी एकमेकींवर दाबल्या जातात, जोड त्या दाबावर उभा असतो. ओढ पुरेशी आली हे कळायचं कसं? सोपी रीत म्हणजे प्लेटी नीट टेकल्या की तिथून पुढे नट ठरलेल्या मापाने फिरवायचा. आखूड बोल्टाला तिसरा हिस्सा फेरा, त्याहून लांब असेल तर अर्धा, आणखी लांबाला दोनतृतीयांश. इलास्टिक जितकं लांब तितकं जास्त ओढावं लागतं, तसंच हे. पण ही कोष्टकं बोल्टाच्या जाडीच्या बारापट लांबीपाशी संपतात. पुढे एवढंच लिहिलेलं असतं की प्रत्यक्ष करून बघा. हेतलचा बोल्ट पंधरापट होता.

म्हणजे तो बनवूनही घ्यायचा होता आणि करूनही बघायचा होता. ह्या दोन्ही गोष्टी मला येत होत्या. त्या जातीचे गज शोधायला मी किती रोलिंग मिलना फोन केले ते विचारू नका. एकाकडे जुन्या ऑर्डरचे उरलेले सापडले. गरजेपेक्षा बरेच जास्त होते, मी सगळे उचलले. बनवायला मनसुखभाई होता. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड. गजाचं टोक तापवून डोकं ठोकायचं, मग भट्टी, मग आटे. एवढा लांब बोल्ट भट्टीत आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून तो टांगून तापवावा लागतो. हे त्याने आणि मी मिळून पूर्वी कधीतरी हात पोळून शिकलेलं. पंधरा वर्षं मी त्याच्याकडे जात होते. माझ्याशिवाय कचेरीतलं कोणी त्याच्याकडे जात नव्हतं, आणि त्याची मला सवय झाली होती.

हेतल म्हणाली, मला बोल्ट होताना बघायचेत. घेऊन गेले. तासाभरात मनसुखभाई तिला "दीकरी", म्हणजे लेक, म्हणायला लागला. तिने त्याला विचारलं की डोक्याखालची गोलाई तो एवढी मोठी का ठेवतो. पंधरा वर्षांत मी त्याला हे विचारलं नव्हतं, कारण मला ते माहीत होतं. तो अर्धा तास समजावत होता, खूश होऊन. परतताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "किती छान माणूस आहे, ताई." मी म्हणाले, हो, आणि दांडिया बाजाराऐवजी तिला स्टेशनवरच सोडलं.

नमुन्याचे थोडे बोल्ट आधी आले. बोल्टातली ओढ काट्यावर दाखवणारं यंत्र एका प्रयोगशाळेतून आम्ही मागून आणलं होतं. खात्यातले सगळे जमले. मी सांगून ठेवलं होतं की दोनतृतीयांशाच्या थोडं पुढे जावं लागेल. हेतलने खडूने यंत्राच्या तोंडावर, नट जिथवर फिरवावा लागेल तिथे, एक बारीक रेघ मारली. पाना लावला, नट फिरला. अर्ध्या फेऱ्याला काटा निम्म्याच्या जरा वर. मी सांगितलेल्या जागीही तो कमीच. तिच्या रेघेवर नट पोचला आणि काटा हवा तिथे आला. पुढचे बोल्टही तसेच, रेघेच्या आसपास. देसाईसाहेब रेघेकडे बघत म्हणाले, "आ तो सरस."

मी कौतुक केलं. करावंच लागतं. तिने मला हिशोब दाखवला. पेटी चेपू नये म्हणून आत बोल्टांभोवती घालायच्या आधाराच्या नळ्या किती दबतील तेही तिने धरलं होतं, मी धरलं नव्हतं. "तुमचं वाचूनच शिकले," असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं, कारण कचेरीतल्या जोडांच्या टिपा मीच लिहिलेल्या होत्या. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की ती आगाऊ आहे. तो म्हणाला, "गणित बरोबर आलं की आगाऊ कसं?"

आता अठरा तारखेकडे येते.

पेटी बंद करून मी मनसुखभाईला फोन लावला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "माल पोचला, बेन? कसा वाटला?" आवाज आनंदाने भरलेला. मग सगळं कळलं. दिवाळीत शेड बंद, बोल्ट दवात राहिले, त्यांच्यावर काट चढला. काट म्हणजे गंज. लाभपंचमीला त्याने शटर उघडलं, पूजा केली आणि नव्या वर्षाचा पहिला माल म्हणून हीच पेटी पाठवायची ठरवली. मुहूर्ताचा माल गंजका कसा पाठवायचा? वर्षभर तेच चालू राहील. आणि सुनंदाबेनचं नाव खराब होईल ते वेगळंच. म्हणून शेजारच्या प्लेटिंगवाल्याकडून पदरमोड करून त्याने सगळे चमकवून घेतले. माझी सूचना त्याने वाचली होती. ती गरिबीची सूचना आहे, खर्च वाचवायला लिहिलेली, असं त्याला वाटलं होतं.

मी त्याला माल पोचला एवढंच म्हटलं.

प्लेटिंग नुसतं दिसायला चुकीचं असतं तर घासून काढता आलं असतं. खरा धोका आत होता. प्लेटिंगच्या आधी बोल्ट आम्लात बुडवतात, मग विजेच्या टाकीत. तेव्हा पोलादात हायड्रोजन शिरतो. नरम पोलाद तो पचवतं. आमच्या बोल्टांसारखं कठीण केलेलं पोलाद पचवतंच असं नाही. बोल्ट आवळेपर्यंत सगळं ठीक दिसतं. मग ताणाखाली, काही तासांनी किंवा काही दिवसांनी, तो आवाज करून तुटतो. आधी काही लक्षण नाही. म्हणून त्या कठीणपणाच्या बोल्टाला विजेचा मुलामा द्यायचाच नाही असा आमच्यात नियम आहे.

कचेरीत पोचले तेव्हा साहेबांच्या खोलीत उभारणीवाल्यांचा इंजिनिअर आधीच येऊन बसला होता. त्याची बाजूही समजण्यासारखी होती. पुलाला पैसे देणारे दाते, सगळे त्यांना काका म्हणत, इंग्लंडला असत. डिसेंबरात, परदेशातले सगळे गुजराती येतात तेव्हा, ते कुटुंबकबिल्यासह येऊन आईच्या नावाच्या त्या पुलाची फीत कापणार होते. तिकिटं झालेली. इंजिनिअर म्हणाला, बोल्ट भट्टीत भाजले की हायड्रोजन निघून जातो, पुस्तकात आहे. भाजा आणि लावा.

भाजायचे असतात ते प्लेटिंगनंतर लगेच, आणि तरीही खात्री नसते. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मी क्षणभर थांबले. मला हेतलला बघायचं होतं. पूल तिचा, तारीख तिची, खातं जवळजवळ तिच्या हातात आलेलं. अशा वेळी माणूस चाचरतो. ती चाचरली की मी बोलणार होते, आणि साहेबांना दिसणार होतं की कोण कशासाठी उभं राहतं. हुशारी तिची असू दे, बोल्टांचा हिशोब तिचा असू दे, मनसुखभाईसुद्धा असू दे. पण खरं ते तोंडावर सांगणं, हे तरी माझं होतं असं मी धरून चालले होते.

साहेब म्हणाले, "बोला, सुनंदाबेन."

"नाही," हेतल म्हणाली. "एकही लावायचा नाही. पूल डिसेंबरात उघडणार नाही."

इंजिनिअर म्हणाला, काकांना कोण सांगणार?

"मी," ती म्हणाली आणि तिथेच साहेबांच्या टेबलावरून इंग्लंडला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी असते तर त्या माणसाला हायड्रोजन समजावत बसले असते. तिने गुजरातीत एवढंच सांगितलं की काका, बोल्ट बिघडून आले, मी ते परत करते आहे. पलीकडून बराच वेळ मोठा आवाज येत राहिला. तिने तो येऊ दिला. मग म्हणाली, "काका, बाच्या नावाचा पूल आहे. माणसं त्याच्यावरून निर्धास्त चालली पाहिजेत. उतराणला उघडू. कालव्यावर पतंग किती छान दिसतील." मग ते हसले, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

पूल संक्रांतीला उघडला. आजही उभा आहे, आता गडद जांभळट झाला आहे, आणि बोल्टांची डोकीही त्याच रंगाची. त्या फोनचं पुढे काय झालं ते विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलं. माझं त्या दिवशी काय झालं ते एवढ्यावर संपत नाही.

संध्याकाळी साहेबांनी आम्हां दोघींना बोलावलं. पूल संपायची वाट आता बघत नाही म्हणाले. खातं हेतलकडे.

हेतल बाहेर गेल्यावर मी थांबले. म्हणाले, "साहेब, मीही नाहीच म्हणणार होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही कधीच हो म्हटलेलं नाही. पण तुम्ही नाही म्हटलं की लोक माझ्याकडे भांडायला येतात. तिने म्हटलं तर पतंग घेऊन येतात. मला निवृत्त व्हायचं आहे, सुनंदाबेन."

पुढे तिच्या हाताखाली मी बरीच वर्षं काम केलं आणि चांगलं केलं. मत्सर गेला का असं मला कोणी विचारतं तेव्हा मी सांगते की नाही, त्याच्यासकट काम करता येतं. निदान काम बारकाईने होतं, कारण तिला आपली चूक सापडू नये असं वाटतं. खंत आहे ती एकच. साहेबांचं ते वाक्य मी दहा वर्षं आधी ऐकायला हवं होतं.

जिन्यात हेतल उभी होती. अभिनंदन वगैरे उरकल्यावर म्हणाली, "ताई, मनसुखभाईंना उद्या मी सांगते. त्यांनी प्रेमाने केलंय, फार वाईट वाटेल त्यांना."

"ते मी सांगणार," मी म्हणाले. "बोल्ट माझे आहेत." माझा आवाज जरा चढला असावा. खालचा शिपाई वर बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनसुखभाईचं शटर वर जाताना मी मकरपुऱ्याला हजर होते. पेटी टेम्पोत घालून सोबत आणली होती. त्याला सगळं सांगितलं, हायड्रोजनसकट. तो खुर्चीवर बसून राहिला. मुहूर्ताचा माल परत आला हे त्याला फार लागलं. मग म्हणाला, ठीक आहे, नवे करून देतो, गज आहेत. हे कुठेतरी शेडबिडच्या कामाला विकून टाकीन.

मी म्हणाले, ते नाही चालणार. हे कोणाच्याही छपराला लागता कामा नयेत. माझ्यासमोर कापायचे, सगळे.

त्याने विचारलं, "हा हुकूम कोणाचा? तुमच्या खात्यात आता मोठं कोण?"

"हेतलबेन." मोठ्याने मी ते तेव्हा प्रथमच उच्चारलं.

"मग सांगायला त्या का नाही आल्या?"

"असलं कडू काम त्यांना जमत नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं. तिने सांगितलं असतं तर तो बोल्ट कापताना रडलाही नसता, कदाचित तिला चहा पाजून त्याने ते हसत हसत कापले असते. मनसुखभाईने मान हलवली आणि त्याला ते पटलं असं दिसलं. डोळे पुसून त्याने कटर सुरू केला. मी ओढणी कमरेला खोचली, पेटीतला पहिला बोल्ट काढला आणि पात्याखाली धरला.